मुक्या यंत्रांची रेंज

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी या धानाच्या पट्ट्यात रात्री बांधीला पाणी सुरू होतं, तेव्हा ते सुरू करणारा शेतकरी बऱ्याचदा घरीच असतो. शेतीच्या लाइनीची पाळी रात्रीची आली की अंधारात बांधावरून विहिरीपर्यंत जावं लागतं. ती वाट वाघाची, अस्वलाची आणि रानडुकरांचीही असते. म्हणून ज्याला जमलं त्याने मोटरच्या स्टार्टरशेजारी सिमकार्ड घातलेला एक डबा बसवून घेतला आहे. घरून कॉल लावायचा, डबा कॉल उचलतो, फोनवरचा एक आकडा दाबायचा. तिकडे स्टार्टर खट्कन ओढला जातो आणि पाटाला पाणी लागतं.

या ‘खट्कन’च्या आत केवढी करामत आहे! फोनच्या प्रत्येक बटणाला दोन सूर ठरवून दिलेले आहेत. ‘१’चे सूर ६९७ आणि १,२०९ हर्ट्झचे. बोलण्याच्या ओघात चुकून लागू नयेत असेच हे जोडसूर निवडलेले आहेत. त्याहून नवलाची गोष्ट अशी की मोबाईलवर आपण बटण दाबतो तेव्हा आपला फोन ते सूर पाठवतच नाही. ‘एक दाबला’ एवढाच निरोप तो जाळ्याला देतो आणि सूर काढून पलीकडे ऐकवण्याचं काम जाळ्याची यंत्रणा करते. बांधावरचा डबा ते दोन सूर ओळखतो आणि पाच-सात अश्वशक्तीची मोटर जागी करतो. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी याच कल्पनेवर ‘नॅनो गणेश’ हे यंत्र उभं केलं आणि २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत ते गौरवलं गेलं. साधा फोन हा शेतीचं अवजार होऊ शकतो, हे महाराष्ट्राने जगाला इतक्या लवकर दाखवलं.

अशा जुन्या डब्यांपैकी पुष्कळांना एकच भाषा येते, टूजी. जगभर ही भाषा एकेका देशात बंद होत चालली आहे. ज्या दिवशी इथल्या टॉवरवरून ती थांबेल, त्या दिवशी डबा बिघडणार नाही, जळणार नाही. त्याला फक्त काहीच ऐकू येणार नाही.

सेकंदाचे तुकडे

जे जाणार आहे ते काय होतं, हे आधी नीट पाहू. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्यातून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना लावलेला तो कॉल टूजीचाच होता.

टूजीचा एक रेडिओ-पट्टा २०० किलोहर्ट्झ रुंदीचा. त्यावर आठ जण एकाच वेळी बोलतात, पण खरं तर एका क्षणी एकच बोलतो. विहिरीवर रहाट एकच असावा आणि आठ घरच्या घागरी पाळीपाळीने भरल्या जाव्यात, तशी इथे वेळेची वाटणी असते. एकेकाची पाळी सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी फक्त ५७७ भागांची. आठ पाळ्या झाल्या की पुन्हा पहिल्याची. असा फेरा सेकंदाला सुमारे २१७ वेळा फिरतो.

हा फेरा आपण कानांनी ऐकलेला आहे. रेडिओजवळ फोन ठेवला आणि रिंग वाजायच्या आधीच रेडिओ टर्र-टर्र करू लागला, हे आठवतं? तो आवाज म्हणजे फोनची पाळी. सेकंदाला २१७ वेळा फोन टॉवरकडे शक्तीचा झटका मारत होता आणि रेडिओच्या तारांमध्ये त्याचा ठसा उमटत होता.

पाळी इतकी आखूड असली की अंतराचाही हिशोब ठेवावा लागतो. रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने जाते, तरी एक किलोमीटरला तिला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सुमारे सव्वातीन पट वेळ लागतोच. लांबच्या फोनचा आवाज उशिरा पोहोचला तर तो शेजाऱ्याच्या पाळीत घुसेल. म्हणून टॉवर त्या फोनला सांगतो की तू थोडा आधी बोल. हे ‘आधी’ किती, त्याच्या ६४ पायऱ्या आहेत आणि एकेक पायरी साधारण ५५० मीटरची. पायऱ्या ३५ किलोमीटरला संपतात. म्हणून मोकळ्या मैदानात, सिग्नल कितीही चांगला असला तरी, नेहमीच्या रचनेतला टूजी टॉवर ३५ किलोमीटरपलीकडच्या फोनशी बोलू शकत नाही. हे बंधन ताकदीचं नाही, घड्याळाचं आहे.

ताकद तर टूजीकडे भरपूर होती. ९०० मेगाहर्ट्झवरचा टूजी फोन आपल्या पाळीत २ वॉटपर्यंत जोर लावू शकतो. फोरजीच्या नेहमीच्या उपकरणाची कमाल मर्यादा ०.२ वॉटच्या आसपास असते. विरळ टॉवरच्या रानात टूजी ‘लागतो’ आणि फोरजी ‘लागत नाही’ हा अनुभव ज्यांना येतो, त्यांच्या अनुभवामागे हेही एक कारण आहे.

मग असं गुणी जाळं बंद का करायचं? कारण आकाशातली जागा मोजकी आहे. ५ मेगाहर्ट्झ पट्ट्यात टूजीच्या २५ चिरोट्या बसतात. तेवढ्याच जागेत फोरजी कितीतरी पट अधिक माहिती वाहून नेतो. ताडोबाच्या मोहर्ली भागातल्या सीतारामपेठसारख्या गावाशेजारी आता जनावर ओळखणारे कॅमेरे लागू लागले आहेत. त्यांना निरोप नाही, चित्र पाठवायचं असतं. १ मेगाबाइटचा एक फोटो टूजीच्या ४० किलोबिट वेगाने पाठवायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. यंत्रांसाठीच्या साध्या फोरजी चिपला, सिग्नल चांगला असेल तर, दोन सेकंद पुरतात. वाघ गावाच्या वेशीवर असताना तीन मिनिटं फार मोठी असतात.

दुसरं कारण सुरक्षेचं. टूजीमध्ये सिमला आपली ओळख टॉवरला पटवून द्यावी लागते, टॉवरला मात्र आपली ओळख द्यावी लागत नाही. त्यामुळे खोटा टॉवर उभा करून उपकरणाला फसवता येतं. थ्रीजीपासून ओळख दोन्ही बाजूंनी पटवण्याची पद्धत आली.

मधली पिढी आधी गेली

भारतात घडलं ते क्रम मोडून घडलं. टूजीच्या आधी थ्रीजी आवरायला घेतलं गेलं. एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून थ्रीजी बंद करायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये ते देशभर आटोपलं. जिओचं जाळं २०१६ मध्ये आलं तेच मुळी फक्त फोरजीवर, त्याला टूजी कधी नव्हताच. मात्र साधे फोन वापरणारी कोट्यवधी माणसं आणि कोट्यवधी मुकी यंत्रं ज्या जमिनीवर उभी आहेत ती टूजीची आहे, म्हणून इतर कंपन्यांनी ती राखली. २०२४ च्या सुरुवातीला जिओने दूरसंचार नियामकापुढे टूजी-थ्रीजी पूर्ण थांबवण्याचं धोरण आखावं अशी मागणी केली. हा निर्णय कंपन्यांनी आपापला घ्यायचा, अशी सरकारची भूमिका राहिली. म्हणजे तारीख भिंतीवर लिहिलेली नाही, पण दिशा ठरलेली आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीत ही दिशा वेगळ्या तऱ्हेने दिसते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला आणि त्याचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग आजही जंगलाखाली आहे. शहरात एक टॉवर रुसला तर दुसरा असतो. एटापल्ली, भामरागड, कोरचीच्या अनेक गावांना एकच टॉवर, तोही डोंगराच्या कडेने ऐकू येणारा. केंद्र सरकारने २०१४ मध्ये माओवादग्रस्त भागांसाठी टॉवरची जी योजना मंजूर केली, तिच्यात महाराष्ट्रही होता. बीएसएनएलने उभारलेले ते टॉवर टूजीचे होते. एप्रिल २०२२ मध्ये अशा २,३४३ ठिकाणी टूजीचं फोरजी करायला मंजुरी मिळाली. त्याच वर्षी जुलैमध्ये देशातल्या सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांना फोरजी देण्याची योजना आली आणि फक्त टूजी-थ्रीजी असलेल्या ६,२७९ गावांना वर चढवणंही तिच्यात आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचं देशी बनावटीचं फोरजी अधिकृतपणे सुरू झालं.

ही आनंदाची गोष्ट आहे आणि तिचं मन:पूर्वक स्वागत करायला हवं. भामरागडच्या पोरीला मोबाईलवर धडा पाहता येणं, हेमलकशाच्या दवाखान्यातून रुग्णाचा अहवाल नागपूरला क्षणात जाणं, याचं मोल फार आहे. पण टॉवर तोच राहून त्यावरची भाषा बदलते, तेव्हा जुनी भाषा ऐकणारे कोण कोण आहेत हे आधी मोजावं लागतं.

माणूस ओरडतो, डबा गप्प बसतो

फोन लागेनासा झाला की माणूस दुकानात जातो, भांडतो, नवा फोन घेतो. यंत्र यातलं काही करत नाही. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने २०१६ संपताना टूजी बंद केला. तारीख चार वर्षं आधी जाहीर होती. तरी जानेवारी २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बसथांब्यांवरचे ‘बस किती मिनिटांत येईल’ हे फलक गडबडले, कारण अनेक बसमधले ट्रॅकर टूजीवरच बोलत होते. श्रीमंत शहर, आधी मिळालेली सूचना, तरी हे निसटलं.

ऑस्ट्रेलियाचा धडा आणखी मोलाचा आहे. तिथे टेलस्ट्रा आणि ऑप्टस यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून थ्रीजी बंद करायला घेतलं. मूळ तारखा पुढे ढकलाव्या लागल्या होत्या, कारण एक विचित्र गोष्ट उघडी पडली. काही फोन फोरजीवर इंटरनेट झकास चालवत, पण ०००, म्हणजे तिथला आपत्कालीन नंबर, लावला की ते गुपचूप थ्रीजीवर उतरत. थ्रीजी गेलं असतं तर नेमका जीव वाचवणारा कॉलच लागला नसता.

असं का होतं? फोरजीमध्ये बोलण्यासाठी वेगळी वाट राखलेलीच नाही. आवाजही माहितीच्या पुडक्यांत बांधून पाठवावा लागतो. त्याला व्होल्टे म्हणतात. उपकरणाला व्होल्टे येत नसेल तर कॉल आला की ते जुन्या जाळ्यावर उडी मारतं. जुनं जाळं नसेल तर उडी हवेत. म्हणून मोटरच्या डब्यावर ‘फोरजी’ छापलेलं असणं पुरेसं नाही. दुकानदाराला विचारायचा प्रश्न एकच: ‘टूजी नसताना हा कॉल उचलतो का?’ आणि उत्तर तोंडी घ्यायचं नाही. टूजी-थ्रीजी नसलेल्या कंपनीचं सिम घालून, समोर कॉल लावून पाहायचं.

मोटरच्या डब्यांखेरीज आणखी कोण कोण गप्प बसू शकतं? महावेध प्रकल्पात राज्यभर २,००० हून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. अशा केंद्रांची पावसाची नोंद पीकविम्याच्या हिशोबात जाते. निरोप गेला नाही तर पडलेला पाऊस कागदावर पडतच नाही. १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ट्रॅकर आणि धोक्याचं बटण सक्तीचं झालं. जुन्या खेपेच्या ट्रॅकरची भाषा तपासायला हवी. किराणा दुकानात ‘रुपये मिळाले’ असं सांगणारी पेटी, रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र, बँक मित्राचं हातयंत्र, नदीच्या पातळीची नोंद घेणारं केंद्र, विजेचं स्मार्ट मीटर, अशी ही यादी लांबत जाते. अशा यंत्रांसाठी आपल्याकडे १३ आकडी नंबरांची वेगळी मालिकाच ठेवली आहे, इतकी त्यांची संख्या वाढणार हे गृहीत धरलेलं आहे.

डबा उघडून पाहिला तर

आता एखादा डबा खरोखर उघडू. लाइन बंद करून, झाकणाचे चार स्क्रू काढले की हिरव्या पाटीवर नखाएवढी ते काडेपेटीच्या टोकाएवढी पत्र्याची चौकट दिसते. त्यावर बारीक अक्षरं कोरलेली असतात. ‘सिम८००’, ‘सिम९००’ किंवा ‘एम६६’ दिसलं तर समजायचं की याला फक्त टूजी येतो. अशा डब्यात सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही. रेडिओची भाषा त्या पत्र्याखालच्या सिलिकॉनमध्ये घडवलेली आहे, ती दुरून शिकवता येत नाही. चौकट, म्हणजे मोड्युल, नाहीतर डबाच बदलावा लागतो.

शेजारी एक जाड धारित्र दिसेल, कपॅसिटर. टूजीच्या पाळीत चिप क्षणभर २ अँपिअरपर्यंत वीज ओढते. तो झटका सोसायला हे साठवण ठेवलेलं असतं. फोरजी चिपची ओढ कमी असते, त्यामुळे जुना वीजपुरवठा सहसा पुरतो. एवढी एक गोष्ट सोपी होते.

सिमही काढून पाहा. फार जुनं, निव्वळ टूजीच्या काळातलं सिम फोरजी जाळ्यात शिरूच शकत नाही, कारण दोन्ही बाजूंनी ओळख पटवण्याचं गणित त्याच्यात नाही. पाचशे-हजारांचं मोड्युल बदलून सिम तेच जुनं ठेवलं तर सारं मुसळ केरात.

मग येतो जंगलाचा खरा प्रश्न. फोरजी हा एक आवाज नाही, तो अनेक पट्ट्यांवर बोलतो. जिओ ८५०, १,८०० आणि २,३०० मेगाहर्ट्झवर, बीएसएनएलचं फोरजी प्रामुख्याने ७०० आणि २,१०० वर. डब्यातल्या चिपला ७०० चा पट्टा येत नसेल, तर डोळ्यांसमोर बीएसएनएलचा टॉवर असूनही ती आंधळीच. हा ७०० चा पट्टा जंगलासाठी विशेष मोलाचा आहे. सागाची पानं, बांबूची बेटं, पानांवरचं पाणी हे सगळं रेडिओलहर शोषतं, आणि लहरीची वारंवारता जितकी जास्त तितकं शोषण जास्त. कमी वारंवारतेची लहर पानांतून अधिक तगून बाहेर येते. पानगळीच्या सागवनात एप्रिलमध्ये मोजलेला सिग्नल ऑगस्टमध्ये तसाच मिळेल असं धरून चालता येत नाही.

मोजायचं कसं? फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलची ताकद ‘उणे इतके डीबीएम’ अशी दिसते. फोरजीत उणे ९५ चांगलं, उणे ११५ म्हणजे काठावर. या आकड्यांत काय दडलंय बघा. उणे ११० डीबीएम म्हणजे एका वॉटचा शंभर लाख कोटीवा भाग. एवढ्याशा ऊर्जेतून, पानांत विखुरलेल्या, डोंगरावर आपटून आलेल्या लहरीतून, डब्यातली चिप ‘मोटर चालू’ हे शब्द बिनचूक वेचून काढते. माणसाने घडवलेल्या कानांमध्ये याहून तीक्ष्ण कान आपल्या रोजच्या हाताशी क्वचितच असतील.

त्या कानाला मदतही सहज करता येते. पुष्कळ डब्यांचं अँटेना लोखंडी पेटीच्या आत कोंडलेलं असतं. ते तारेने बाहेर काढून खांबावर उंच, पानांपासून मोकळं, टॉवरच्या दिशेला ठेवलं की काठावरचं ठिकाण बऱ्याचदा चालू होतं.

यंत्रांच्या भाषेतही एक सुंदर सोय झालेली आहे. २०१६ मध्ये जगाच्या दूरसंचार मंडळींनी एनबी-आयओटी नावाची मितभाषी पद्धत ठरवली. तिला फक्त १८० किलोहर्ट्झ जागा लागते. म्हणजे टूजीने रिकाम्या केलेल्या २०० किलोहर्ट्झच्या एका चिरोटीत ती अलगद बसते. कमकुवत सिग्नलमध्ये टूजीहून खोलवर पोहोचणं आणि छोट्या बॅटरीवर दहा वर्षं टिकणं, ही तिच्यापुढे ठेवलेली उद्दिष्टं. पण ती टॉवरवर चालू केलेली असली तरच उपयोगाची. म्हणून आजच्या घडीला वनपट्ट्यातल्या गावकऱ्याने डबा घेताना फोरजी आणि टूजी दोन्ही येणारा, ७०० मेगाहर्ट्झ ऐकणारा आणि कॉलवर चालवायचा असेल तर व्होल्टे येणारा घ्यावा. तो आज टूजीवर चालेल आणि उद्या टूजी गेला तरी थांबणार नाही.

पावसाळ्याच्या आधी

पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की भामरागडची वाट बंद होते. नेमका तेव्हाच पावसाच्या आणि नदीच्या नोंदीचा निरोप सर्वांत जास्त हवा असतो, आणि तेव्हाच दुरुस्तीवाला पोहोचू शकत नाही. म्हणून या दोन जिल्ह्यांत यंत्रं बदलण्याचा हंगाम एकच, होळीपासून मृगापर्यंत.

क्रमही ठरलेला हवा. आधी त्या जागेवर, त्या बांधावर, नवा सिग्नल मोजून सिद्ध करायचा. मग यंत्र बदलायचं. मग एक पूर्ण पावसाळा ते नव्या जाळ्यावर चालू ठेवायचं आणि जुनी वाट तोवर मोडायची नाही. प्रत्येक यंत्राने ठरलेल्या तासांनी ‘मी आहे’ एवढा निरोप द्यावा आणि तो आला नाही तर कुणाचा तरी फोन वाजावा. शांतता हीच बिघाडाची खूण मानली, की गप्प बसलेला डबा त्याच दिवशी सापडतो.

आणि मोजणी कुणी करायची? कंपन्यांना सिमचा नंबर माहीत असतो, ते सिम कोणाच्या विहिरीवर आहे हे माहीत नसतं. ते गावाला माहीत असतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गावांत स्थान मिळवलं. या भागातल्या ग्रामसभा तेंदू आणि बांबूचा हिशोब स्वतः ठेवतात. सिम असलेल्या यंत्रांची यादी त्यांच्यासाठी एका बैठकीचं काम आहे: कोणाचं यंत्र, कुठे, कोणत्या कंपनीचं सिम, चौकटीवर काय लिहिलंय, सिग्नल उणे किती. तलाठ्याकडे, महावितरणकडे आणि दूरसंचार कंपनीकडे त्या यादीची एकेक प्रत जावी.

बदल्यात कंपनीकडून आणि शासनाकडून एक गोष्ट हक्काने मागायला हवी. कोणत्या टॉवरवरचा टूजी कोणत्या तारखेला थांबणार, हे किमान दोन पावसाळे आधी, त्या टॉवरच्या गावांत जाहीर व्हावं. सूचना मराठीत हवी, भामरागडला माडियात, धानोऱ्याला गोंडीत, सिरोंच्याला तेलुगूत, मुलचेऱ्याच्या बंगाली वस्त्यांत बंगालीत आणि कोरचीच्या सीमेवर छत्तीसगढीतही हवी. जाळं फोरजीचं व्हावं, लवकर व्हावं, आणि ते होताना रात्री विहिरीवर न जाण्याची जी सोय शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने मिळवली आहे, ती एका रात्रीसाठीही त्याच्याकडून काढून घेतली जाऊ नये.